येतो

"तुम्ही व्हा पुढे. आमचा बाबा यायचाय," असं म्हणत भिंगरीने आणखी एका कुटुंबाला वाट करून दिली.

बोटींच्या रांगेत ती कठड्याला धरून उभी होती. एरवी एका जागी टिकेल तर शपथ, म्हणून तर घरात हे नाव पडलेलं. आज मात्र पाय रोवून उभी होती. दुसरीतली पोर, पण आव असा की तळं हिच्याच मालकीचं! माणसं हसत, तिच्या गालाला हात लावत पुढे जात होती. मागे आई उभी होती, एका खांद्यावर डब्याची पिशवी आणि हातात नवऱ्याची टोपी.

टोपी त्याने जाताना तिच्या हातात कोंबली होती. नंबर लागायला आला आणि नेमका तेव्हाच फोन. लिफ्टदुरुस्तीचं काम, सुट्टी असली तरी फोन आला की उठायचं. कुठल्याशा इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे बंद पडली होती, आत कुणीतरी अडकलं होतं आणि जोडीदार मेकॅनिक तापाने आडवा. नको जाऊस, असं तरी कोणत्या तोंडाने म्हणायचं? त्याने भिंगरीला टपली मारली, "येतो हं," म्हणाला आणि फाटकाकडे पळत सुटला.

झालं! पोर त्या 'येतो'ला चिकटून बसली.

बाबाने पायडल मारायचं, भिंगरीने सुकाणू धरायचं आणि आईने मधे बसून किंचाळायचं, असं आठवडाभर घरात ठरत होतं. आईला पाण्याची भीती. सगळ्यांना ठाऊक होती, आणि सगळ्यात जास्त भिंगरीला.

"चल ना, मी मारते पायडल," आई म्हणाली.

"तू घाबरतेस."

"नाही घाबरत."

"मग टोपीचं असं का केलंस?"

आईने खाली पाहिलं. टोपीचा पार बोळा झाला होता.

"ताई, ही शेवटची फेरी," बोटवाल्याने हाक दिली. "यानंतर बोटी बांधून टाकणार. बसताय, का मागच्यांना सोडू?"

"बसतो," आई म्हणाली.

"नाही! बाबा येतोय," भिंगरी म्हणाली.

आई तिच्यासमोर उकिडवी बसली. "सोन्या, ऐक. बाबा कामावर गेलाय. आता नाही यायचा तो."

"येतो म्हणाला."

"म्हणाला गं. पण ते तसंच म्हणतात. निघताना 'जातो' म्हणू नये, बरं दिसत नाही. म्हणून 'येतो' म्हणायचं."

भिंगरीने भुवया आवळल्या. "म्हणजे येतो म्हणजे जातो?"

"हो. म्हणजे... तसंच काहीतरी."

"मग खरंच येणार असेल तेव्हा काय म्हणायचं?"

काय सांगणार, कप्पाळ! आई स्वतः रोज सकाळी कामाला निघताना दारातून हेच म्हणत होती. मागे कुणीतरी "चला हो, किती वेळ!" म्हणून करवादलं. तिला वाटलं, कुणावर तरी ओरडावं, म्हणजे निदान मोकळं तरी वाटेल. पण ओरडणार कुणावर? नवरा काय मजा मारायला गेला होता? आणि पोरीचं तरी काय चुकत होतं? हात धरून ओढत नेलं तर ती पाण्यात रडणार, नाही नेलं तर काठावर रडणार. आईलाच रडू यायला लागलं. इतक्या लोकांत कसलं रडायचं, म्हणून ती उठली आणि उगाच पिशवीची चेन लावत बसली.

बोटवाल्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा पोरीकडे. मग मान हलवून मागच्या दोघांना बसवलं आणि दोर सोडला. बोट काठापासून लांब गेली. भिंगरी रडली नाही. ती तळ्याकडे पाठ करून फाटकाकडे बघत राहिली.

तेवढ्यात फोन वाजला.

"काय, फिरून आलात का?" नवऱ्याला धाप लागली होती. "किंचाळलीस की नाही?"

आईने फोन भिंगरीच्या कानाला लावला.

भिंगरी ऐकत राहिली. मग म्हणाली, "बाबा, तिकडे कोण रडतंय?"

"अगं, लिफ्टमधे एक मुलगा अडकलाय. तुझ्याएवढाच असेल, एकटाच आहे बिचारा. लिफ्टची मोटर वर गच्चीवर असते ना, मला तिकडे जाऊन ती हलवायला लागणार. मग दार उघडेल."

"त्याला सांगितलंस?"

"सांगितलं ना. दाराच्या फटीला तोंड लावून चांगलं ओरडून सांगितलं, येतो म्हणून."

फोनमधलं रडणं वाढलं होतं. शेजारी उभ्या आईलाही ते ऐकू येत होतं.

"तरीच रडतोय," भिंगरी म्हणाली आणि तिने फोन आईकडे दिला.