आतून उघडणारे दार

"दार कोणत्या बाजूनं उघडतं?"

"आतून!" बायकांनी एका सुरात उत्तर दिले.

मॅनेजर सोमनाथ समाधानाने हसला. वणी रस्त्यावरच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये तपासणीपूर्वीची तालीम चालू होती. तपासनिसाचे काम सोमनाथ स्वतःच करीत असे: डोळ्यांवर गॉगल, मांडीवर कोरी फाइल. शीतखोलीच्या दाराला आतल्या बाजूने नवी मूठ बसवली होती. तिचा रंग अजून हाताला लागत होता.

संजना एकटी गप्प होती. गेल्या हंगामात त्या दाराला बाहेरून कुलूप असे. बायका ये-जा करतात आणि गारवा निसटतो, म्हणून. खोली गार ठेवणाऱ्या अमोनिया वायूची नळी फुटली तेव्हा मेहरुन्निसा आत होती, किल्ली सोमनाथच्या खिशात होती आणि सोमनाथ जेवायला गेला होता. मेहरुन्निसा जिवंत निघाली. तिचा आवाज मात्र आतच राहिला. आता ती कुजबुजते, पेट्यांवर लेबले चिकटवते आणि जिना चढताना भिंत धरते. मालकाच्या मते तिला जुना दमा होता. इतकी वर्षे तो दमा शिस्तीने दबा धरून बसला आणि नेमका त्या दुपारी बाहेर पडला.

द्राक्षे ज्या देशात जात, त्या देशाने एक कायदा केला होता. माल घेणाऱ्या कंपनीने माल पुरवणाऱ्यांकडच्या कामगारांच्या मानवी हक्कांची खातरजमा करावी. हक्क तुडवले गेले, तर जाब तिने तिथल्या न्यायालयात द्यावा. कायदा उदात्त होता. उदात्त गोष्टींचे जे होते तेच त्याचे झाले: जाब ज्या कंपनीला द्यायचा होता, तपासनीसही तिनेच नेमायचा होता.

"मेहरुनआपा त्या दिवशी घरी राहतील, भरपगारी," सोमनाथ म्हणाला. "आणि संजनाताई, तोंड उघडा की जरा! एकीनं वाकडं बोललं तर कंटेनर परत येतो. मग शेडला टाळं, बसा घरी."

संध्याकाळी मेहरुन्निसाने संजनाचा हात धरला. "नौकरी जाईल गं तुझी."

"जाऊ दे, आपा. तुझा इलाज तरी होईल. त्या कंपनीला करावाच लागंल, कायदाच हाय तसा."

तपासणीला पुण्याहून कंपनीने नेमलेल्या सविता मॅडम आल्या. मानवी हक्कांच्या कायद्यातली परदेशी पदवी, हातमागाची साडी, मऊ आवाज. त्यांनी सोमनाथला खोलीबाहेर काढले आणि दार स्वतः लावून घेतले. संजनाचा विश्वास तिथेच बसला.

"निर्धास्त बोला. तुमचं नाव कुठंही येणार नाही."

"येऊ द्या ना, मॅडम. मेहरुन्निसाचं तर टाकाच. लय दिवस झाले, तिचं नाव कुणी घेत नाय."

मग तिने कुलूप सांगितले, किल्ली सांगितली, दारावर आतून पडलेल्या थापा सांगितल्या. मॅडमांचे पेन थांबले नाही. डोळे पाणावले, तेही टिपले गेले. "फार धैर्य दाखवलंत," त्या म्हणाल्या.

संजना कामावरून काढले जाण्याची वाट पाहत राहिली. कुणी काढले नाही. सोमनाथ तर तिला पाहून हसू लागला. ती तेव्हाच घाबरायला हवी होती.

तपासणीचा निकाल लागला त्या दिवशी शेडमध्ये पेढे वाटले गेले. सोमनाथने अहवाल मोठ्याने वाचून दाखवला. 'एका कामगाराने व्यवस्थापनाविरुद्ध गंभीर तक्रार निर्भयपणे मांडली. येथील तक्रार-यंत्रणा जिवंत असल्याचा याहून सबळ पुरावा असू शकत नाही.' परदेशी कंपनीने खास अभिनंदन कळवले होते. उद्या कुणी तिला न्यायालयात खेचलेच, तर हीच तक्रार तिची ढाल होणार होती. मेहरुन्निसाबद्दल एकच वाक्य होते: 'सदर घटनेबाबत संवाद चालू ठेवावा.' नाव गुप्त ठेवण्याचे वचन मॅडमांनी तंतोतंत पाळले होते.

संजनाने पेढा परत खोक्यात ठेवला.

पुढच्या हंगामात दाराची मूठ निखळली होती. बाहेरचे कुलूप पूर्वीच्या जागी आले होते. तपासणीच्या आठवड्यात ते काढून नवी मूठ बसवली गेली. मेहरुन्निसाला त्या दिवशी घरी राहायला सांगण्याची आता गरज नव्हती. ती रोजच घरी होती, अंथरुणात.

सोमनाथने गॉगल चढवला.

"दार कोणत्या बाजूनं उघडतं?"

"आतून!"

"शाब्बास." त्याने मान संजनाकडे वळवली. "आणि ताई, तक्रार यंदाही तुमचीच. फक्त जरा आटोपशीर करा. मागच्या वेळी मॅडमचं जेवण गार झालं."