सगळ्यांना जमेल असा

"एकच घ्यायचा, पण सगळ्यांना जमेल असा," संपादक म्हणाले. "आणि तुमच्याही पसंतीला उतरला पाहिजे."

फोटोकाकांनी दुकानातून बघायला आणलेला कॅमेरा टेबलावर ठेवला. दैनिकाचे ते एकटेच फोटोग्राफर. गेल्या महिन्यात मुद्रितशोधकांचा अख्खा विभाग बंद झाला, तेव्हापासून काकांच्या घशाखाली घास उतरत नव्हता. निवृत्तीला तीन वर्षं होती, घर त्यांच्या एकट्याच्या जिवावर चाललं होतं आणि या वयात दुसरीकडे कोण विचारणार? पण काल नव्या कॅमेऱ्याचा विषय निघाला. बंद करायच्या विभागाला कोणी कॅमेरा घेतं का? बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. काकांना कॅमेऱ्याचा पट्टा पुरला.

फक्त आज मंजुरी मिळायला हवी होती.

"ही चकती बघा," काका म्हणाले. "एमवर ठेवली की उजेड, वेग, सगळं माझ्या हातात. अंधारातली सभा असो की धावणारा खेळाडू, हा दगा द्यायचा नाही. आणि या हिरव्या खुणेवर ठेवली, की नुसतं बटण दाबायचं. बाकी सगळं तोच बघतो. कोणीही काढावा फोटो."

"कोणीही?"

"अहो, आपल्या बाईंनासुद्धा जमेल!"

स्वागतकक्षातल्या बाई कागदांवर सह्या घ्यायला आल्या होत्या. त्या हसल्या. "नको हो काका. माझ्या फोटोत माणसांची मुंडकी उडतात. घरी मला जल्लाद म्हणतात."

काकांनी कॅमेरा त्यांच्या हातात दिला आणि स्वतः खिडकीपाशी उभे राहिले. जन्मभर दुसऱ्यांना हसवलेला माणूस, पण स्वतःवर वेळ आली तेव्हा पार अवघडला.

"हसा की काका!"

फोटो झकास आला. मुंडकं जागच्या जागी, चेहऱ्यावर छान उजेड. संपादकांनी तो दोनदा मोठा करून पाहिला.

"मंजूर," संपादक म्हणाले.

काकांना भडभडून आलं. चष्मा पुसायचं निमित्त करून त्यांनी तोंड फिरवलं.

"बाई, दुकानाला तसा निरोप द्या," संपादकांनी सह्या करायला कागद पुढे ओढले. "आणि काकांचा हा फोटो जपून ठेवा. रविवारी त्यांच्या निरोपाच्या बातमीला लागेल."