काडेपेटीतली पाल

"साहेब, आता जे सांगतो ते तुमाला खरं वाटायचं नाय," लडकू वायरमन म्हणाला. "माझ्या बायकोलाबी वाटलं नाय. पण मुद्देमाल संगं आणलाय." आणि त्यानं सदऱ्याच्या खिशातून काडेपेटी काढली.

शेडमधले पाच-सात जण सवयीनं हसले. 'खरं वाटायचं नाय' असं लडकूच्या तोंडून निघालं, की खालापूर रस्त्यावरच्या या कारखान्यात तीस वर्षं हातातला चहा हातात राहायचा. कोंडाण्याच्या लेण्यात त्यानं बिबट्याला विडी ओढायला लावली होती. नेरळच्या उतारावर सुटलेली माथेरानची गाडी धोतराचा फास टाकून अडवली होती. धोतर तो जन्मात कधी नेसला नव्हता, पण ते असो.

आज मात्र त्याच्या सदऱ्याची पाठ ओली होती.

गुप्तेसाहेब हसले नाहीत. प्रेस बनवणाऱ्या मुंबईच्या कंपनीनं त्यांना चौकशीला धाडलं होतं. डब्यांची झाकणं ठोकणारा असला प्रेस शहाऐंशी सालात तालुक्यात हा एकच. आठ दिवसांपूर्वी तो बटण न दाबता खाली आला आणि नागूच्या उजव्या हाताची तीन बोटं घेऊन वर गेला.

नागू समोरच स्टुलावर होता. हात झोळीत, नजर फरशीवर. सुगीत कोंडाण्याला भात कापायचा, एरवी प्रेसवर उभा राहायचा. घरी बायको शकू आणि दोन पोरी.

मालकानं सकाळीच सगळ्यांना सुनावलं होतं. दोष मशीनचा निघाला तर नागूला स्टोअरमध्ये बसून करायचं काम, कायमचं. कुणी मशीनशी खेळ केला असेल तर तो माणूस फाटकाबाहेर, मग तो कुणी का असेना.

लडकूला भीती एकच होती. नागू तोंड उघडेल.

त्याच्या पँटच्या खिशात बोटभर तार होती, दोन्ही टोकांना भाताच्या भाऱ्याला देतात तसा घट्ट पीळ. फाटकावर तांब्याच्या तारेसाठी झडती होते, म्हणून ती बाहेर नेता आली नव्हती. आठ दिवस फ्यूजपेटीमागं दडवली होती. आज साहेब सगळं उघडणार, म्हणून खिशात आली. आता ती मांडीला टोचत होती.

"काडेपेटी राहू दे," गुप्ते म्हणाले. "आधी प्रेस चालवू. इथली वायरिंग कुणाची?"

"माझी. एकबी जोड बिनसोल्डरचा दावा, नाव बदलीन."

गुप्त्यांनी कंट्रोलची पेटी उघडली. "हा मायक्रोप्रोसेसर. मशीनचा मेंदू म्हणा. याला पाच व्होल्ट लागतात. साडेचारच्या खाली गेलं की हा बरळतो, काय करील याचा नेम नाही. म्हणून शेजारी हा रखवालदार. व्होल्टेज पडलं की तो रीसेटची तार खाली ओढतो. मेंदू गप्प, प्रेस जागच्या जागी उभा. व्होल्टेज सावरलं की पहिल्यापासून सुरुवात."

"ठावं हाय," मागून प्रेसवरचा चांगो पुटपुटला. "शेजारची विजेची भट्टी लागली का हे झोपलं. दिवसातनं वीस डाव. साचा उपसा, झाकणं फेका, वर मुकादमाच्या शिव्या."

प्रेस सुरू झाला. धाड, धाड. सगळे आपोआप दोन पावलं मागं सरले. नागूनं झोळीतला हात पोटाशी धरला.

मग शेजारी भट्टी लागली. ट्यूबलाइट मिणमिणल्या. प्रेसचा जबडा निम्म्यावर होता. लाल दिवा लागला, आणि जबडा तिथंच थांबला.

"आज थांबला," गुप्ते म्हणाले. "त्या दिवशी का नाही?"

"तेच तर सांगतोय." लडकूनं काडेपेटी सरकवली. आत काळीठिक्कर पाल होती. "त्या दिशी पेटी उघडली तर ही बया आडवी. मागले पाय रीसेटच्या तारेवर, पुढले पाच व्होल्टावर. तुमचा रखवालदार खाली ओढतोय, आन ही वर धरून बसलीय. जळून कोळसा झाली, पण पकड सोडली नाय."

गुप्त्यांनी पेन्सिलीनं पाल उलटी केली, नाकाशी नेली.

"पाच व्होल्टांत पाल जळत नाही, लडकू. तिला गुदगुल्यासुद्धा होत नाहीत. आणि हिला रॉकेलचा वास येतोय."

थापेला फोडणी जरा जास्त बसली होती. या वेळी मात्र कुणाला हसू आलं नाही.

गुप्त्यांनी बॅटरीचा उजेड पेटीत धरला. "मेंदूच्या या दोन पिनांवर ओरखडे आहेत. कुणीतरी तार गुंडाळून रीसेट कायमची पाच व्होल्टांना बांधली होती. रखवालदाराचे हातच बांधले म्हणा ना. अपघातानंतर पेटी पहिल्यांदा कुणी उघडली?"

"मी."

"खिसे दाखवा."

लडकूनं नागूकडं पाहिलं. नागूची मान वर आली होती. लडकूनं घाईघाईनं तार काढून टेबलावर ठेवली.

"मीच बांधली," तो म्हणाला. "सारखं बंद पडायचं, सारखी मला हाक. कटाळलो. दुसऱ्या कुणाचा यात हात नाय. लिवा."

"तीस वर्षांची नोकरी घालवलीत," गुप्ते म्हणाले आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "पूर्ण नाव?"

स्टूल सरकल्याचा आवाज झाला. नागू टेबलापाशी आला. डाव्या हातानं त्यानं तार उचलली, अंगठा पिळावरून फिरवला.

"काका, पालीपरीस ही थाप मोठी," तो म्हणाला. "साहेब, वायरमन असा पीळ देत नाय. भारं बांधणारा देतो. ही तार मी बांधली."