कोण रडत होतं?

"या वयात परीक्षा! त्यापेक्षा दहावीला बसवलं असतंस तर एव्हाना सुटले तरी असते," आजी पुटपुटली आणि पुढचा अभ्रा घडी घालायला घेतला.

नातीला विद्यापीठासाठी एक चाचणी घ्यायची होती. मोठेपणी दुसरी भाषा शिकलेली माणसं 'तो', 'ती' ऐकून नेमकं कोणाला धरतात, याची. आजी आयतीच सापडली. या परक्या देशात येऊन हॉस्पिटलच्या लाँड्रीत सव्वीस वर्षं चादरींच्या घड्या घालता घालता ती इथली भाषा शिकली होती. आधी आकडे, मग शिव्या, मग बाकीचं. गरम चादरीचं एक टोक आपल्या हातात, दुसरं मैत्रिणीच्या. जवळ येईपर्यंत एक नवा शब्द. त्या बायकांची नावं निघाली की अजून तिचा चेहरा उजळायचा.

आजीची लेक, म्हणजे नातीची आई, शेजारी मटार सोलत होती.

नातीने कागदावरचं वाक्य इथल्या भाषेत वाचलं. "मालकीण मोलकरणीला भेटली तेव्हा ती थकलेली होती. कोण थकलेलं होतं?"

"मोलकरीण. मालकिणी कधीपासून थकायला लागल्या?"

सगळ्या हसल्या.

"आईने मुलीचा निरोप घेतला तेव्हा ती रडत होती. कोण रडत होतं?"

"मुलगी," आजी म्हणाली.

"आई," लेक त्याच क्षणी म्हणाली.

मटार सोलायचे थांबले.

"यात चूक-बरोबर काही नसतं हं," नात घाईने म्हणाली.

"मावशी सांगायची," लेक आईकडे न बघता म्हणाली. "मला तिच्या दारात सोडलंस आणि गाडी वळेपर्यंत तोंडाला रुमाल लावून रडत होतीस. त्या रुमालावर माझी तीन वर्षं निघाली, आई."

"तुझी मावशी मायाळू होती."

"म्हणजे?"

"पुढचं वाक्य घेऊ का?" नातीने विचारलं.

"थांब गं." आजीने अभ्रा मांडीवर ठेवला. "खिडकीजवळची जागा मिळाली होती मला. वारा येत होता. किती वर्षांनी मी कुणाची सून नव्हते, कुणाची आई नव्हते." तिने लेकीकडे पाहिलं. "रडत नव्हते मी, बाळा. मला बरं वाटत होतं."