मुठीवरचं कुंकू

दसऱ्याच्या सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाड्या कोवळ्या उन्हात पेंगत होत्या. भालचंद्ररावांनी आपल्या मोटरसायकलच्या मुठीवर हात ठेवला आणि गाडी दगडासारखी जड झाली. परका हात लागला की इथली प्रत्येक गाडी अशीच जमिनीला खिळून बसे. म्हणून तर इथे कुणी गाडीला साखळी लावत नसे. पण वर्षभरापासून भालचंद्ररावांचा हात थरथरायचा, आणि गाडी आता त्यांनाच चोर समजत होती.

"भंगारात देऊन टाकू हिला," ते पुटपुटले.

"आधी पूजा तर होऊ दे," म्हणत त्यांच्या बायकोने, नलिनीबाईंनी, झेंडूचा हार घातला आणि दरवर्षीसारखं मुठीवर कुंकवाचं बोट टेकवलं.

गाडीच्या पोटात काहीतरी गुणगुणलं. दिवा हळूच उजळला आणि ती पिसासारखी हलकी झाली.

"ही तुला कशी ओळखते?"

"दर दसऱ्याला कुंकू कोण लावतं हिला? तुम्ही?"

नलिनीबाईंनी पदर खोचला आणि त्या पुढे बसल्या.

"बसा मागे. खांदा धरा माझा."

"हात थरथरतोय गं."

"थरथरू दे," त्या म्हणाल्या. "मी ओळखते तो."