टेकडीखालचा पंप

पाणीदरवाढीची सुनावणी मुख्यालयात न घेता गावोगावी घ्यावी, हा हट्ट आयोगाच्या सचिवांचा. आज भाड्याच्या सभागृहात शंभर खुर्च्या मांडल्या होत्या आणि हरकत घ्यायला शिवणकाम करणाऱ्या एकच बाई आल्या होत्या.

"एका बाईंसाठी दोन गाड्या आणि पाच अधिकारी!" अध्यक्ष सचिवांच्या कानाशी पुटपुटले. "ही शेवटची हौस हं तुमची."

सचिवांनी बाईंना बोलायची खूण केली.

बाई उठल्या. "दरवाढीत टेकडीखालच्या पंपाचं वीजबिल धरलंय. चालतो का हो तो पंप?"

"रात्रंदिवस चालतो, बाई," पाणी कंपनीचे अभियंता ठासून म्हणाले.

"अहो, चार वर्षं त्या पंपघरात माझं दुकान आहे. भाडंसुद्धा तुमच्याच कंपनीला भरते की!"

अभियंता घाईघाईने कागद चाळू लागले.

"किती लांब आहे हे पंपघर?" अध्यक्षांनी विचारले.

"हे काय, रस्ता ओलांडला की आलं."

पाचही अधिकारी बाईंच्या मागोमाग गेले. पंपाच्या चौथऱ्यावर शिलाई मशीन होते आणि शेजारी शाळेच्या गणवेशांची चळत.

परतताना अध्यक्ष मुद्दाम सचिवांच्या बरोबरीने चालू लागले.

"पुढच्या गावी सभागृह पंपघराजवळचंच बघा," ते म्हणाले.