वाफेनं आणलेलं मीठ

“धार एवढी बारीक? मंत्री येतायत, जरा जोर दाखवा!” मोठ्या साहेबांनी हट्टच धरला, तेव्हा मालविकानं समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या यंत्राची आच वाढवली. पाणी असं खवळलं, की वाफेनं खारे थेंबही सोबत उचलून नेले.

धार मनगटाएवढी झाली.

आणि खारट.

पाणी पसंत पडलं तरच तिची नोकरी कायम होणार होती. मंत्र्यांनी पेला तोंडाला लावला. तिनं डोळे मिटले.

“वा!” रक्तदाबापायी वर्षभर अळणी जेवणारे मंत्री मिटक्या मारत म्हणाले. “ताई, हे रोज बंगल्यावर पाठवा.”

मालविका कायम झाली. तिनं आच उतरवली, गावाला आणि बंगल्यालाही गोडं पाणी मिळालं.

दुसऱ्याच दिवशी बंगल्यावरून फोन आला. “मॅडम, पाणी बिघडलंय. मंत्रिसाहेबांच्या घशाखाली उतरेना.”

“पाठवते,” म्हणत ती बादली घेऊन समुद्राकडे निघाली.